चालेल ना?

"घोड्यावर बसवलं, तर चालेल ना तो?"

खुर्चीत नीट टेकण्याआधीच बाबांनी विचारलं. मोबाइल माझ्यापुढे धरलेला. व्हिडिओत एक मुलगी घोड्यावरून उतरून चार पावलं टाकत होती. शेजारी आई, तिच्या मांडीवर पाच वर्षांचा मुलगा. त्याला आपण ओम म्हणू. नाव आणि काही तपशील बदललेत. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे सीपी: मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. ओमचा ताठरपणा पायांत जास्त, हातांत कमी. वॉकर धरून घरातल्या घरात चालायचा. बसवलं की पाठीला पोक काढून हळूहळू पुढे घसरायचा.

सीपी असलेल्या मुलांचे पालक हा प्रश्न मला सारखा विचारतात. त्याच्या पोटात दोन भीती असतात. मूल पडलं तर? आणि नाही नेलं, तर आपणच कमी पडलो असं होईल का? पहिली सगळे बोलून दाखवतात. दुसरी हळूहळू बाहेर येते.

"डॉक्टर हिप्पोथेरपी म्हणाले, मला तर पाणघोडाच आठवला," आई म्हणाली आणि हसली. तसं तिचं फार चुकलं नव्हतं. ग्रीक भाषेत 'हिप्पोस' म्हणजे घोडा, पाणघोड्याचं नावही त्यावरूनच पडलंय.

घोडा संथ चालतो तेव्हा त्याची पाठ पुढेमागे, डावीउजवीकडे हलते आणि किंचित वळतेही. आपण चालताना आपल्या कंबरेची जी हालचाल होते, तिच्याशी हे बरंच जुळतं. ज्या मुलाला तसं चालता येत नाही, त्याच्या कंबरेला ती लय बसल्या बसल्या मिळते. प्रत्येक पावलाला तोल जरासा जातो आणि धड तो सावरत राहतं. थेरपिस्ट घोडा थांबवतो, वळवतो, वेग बदलतो, मुलाला उलटं तोंड करूनही बसवतो, ते यासाठीच. घोडेस्वारी शिकवणं हा वेगळा प्रकार. तोही चांगला, पण केंद्र निवडताना आपण काय घेतोय ते विचारून घ्यावं. मुलाला तपासून उद्दिष्ट ठरवणारा थेरपिस्ट तिथे आहे, की नुसती एक चक्कर मारून आणतात?

"मग घरी लोडावर दोन्हीकडे पाय टाकून बसवलं तर?" बाबांनी विचारलं. प्रश्न चांगला होता. नेमकं हेच कुणीतरी तपासलेलं आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात १५ मुलं होती. काहींना ८ मिनिटं चालत्या घोड्यावर बसवलं, काहींना तेवढाच वेळ स्थिर पिंपावर. घोड्यावरच्या मुलांच्या स्नायूंच्या कामातला डाव्याउजव्या बाजूंचा फरक कमी झाला, पिंपावरच्यांचा तसा झाला नाही. म्हणजे नुसतं पाय फाकवून बसण्याने काम होत नाही, हालचाल हवी. पण १५ मुलं आणि ८ मिनिटं, एवढ्यावर कुणी 'चालेल' असं वचन देऊ नये. तोल, बसणं, ताठरपणा यांत काही अभ्यासांत फायदा दिसतो. मेंदूला झालेली इजा मात्र घोडा भरून काढत नाही.

बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "त्या पोलिओवाल्या बाईंना तर ऑलिम्पिक पदक मिळालं होतं."

लिस हार्टेल. डेन्मार्कच्या. १९५२ साली हेलसिंकीत ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली करून घेण्याच्या स्पर्धेत, रौप्यपदक. ही गोष्ट पालकांपर्यंत अर्धीच पोचते, म्हणून उरलेली मी सांगते. पोलिओ होण्याआधीच त्या कसलेल्या घोडेस्वार होत्या. आणि पदक जिंकलं तेव्हाही त्यांचे पाय गुडघ्याखाली लुळेच होते. घोड्यावर चढायला आणि उतरायला त्यांना माणूस लागायचा.

आई माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे पाय तसेच राहिले?"

"हो."

पुढची दहा मिनिटं आम्ही घोड्याबद्दल बोललोच नाही. ओमच्या मोठ्या बहिणीबद्दल बोललो. तिच्या शाळेच्या कार्यक्रमाला तीन वर्षांत कुणी गेलं नव्हतं, कारण तेव्हा नेहमी कुठली तरी थेरपी असायची. हे सांगताना आई रडली नाही, ओमच्या बुटाचा पट्टा उघडत आणि लावत राहिली.

घोड्याआधी खुब्याचा एक्स-रे, एवढी अट मी घातली. मागचा दोन वर्षांपूर्वीचा होता. सीपीमध्ये खुबा हळूहळू सांध्यातून सरकू शकतो, बऱ्याचदा दुखल्याशिवाय. अशा मुलाचे पाय घोड्यावर फाकवणं धोक्याचं. आटोक्यात नसलेल्या फिट्स, मणक्याचा मोठा बाक, ठिसूळ हाडं असतील तरी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय बसवू नये. ओमचा खुबा जागेवर होता. परवानगी मिळाली.

पहिल्या दिवशी आईने मला सोबत बोलावलं. घोडी बुटकी, वयस्क, कशालाच न बुजणारी. पुढे लगाम धरून मोतद्दार, दोन्ही बाजूंना एकेक माणूस, ओमच्या डोक्यावर हेल्मेट. खोगीर नव्हतं, जाड गादी आणि पट्ट्याला धरायची कडी. धोका शून्य असतो असं मी आईला कधीच म्हटलं नाही. एवढी माणसं त्यासाठीच असतात, असं म्हटलं. पहिल्या फेरीत ओमने कडी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. चौथ्या फेरीला एक हात सोडून त्याने घोडीची आयाळ ओढली आणि मोतद्दाराची बोलणी खाल्ली.

'चालतो का' याऐवजी दुसरं काही मोजायचं असं आमचं ठरलं होतं. आईनेच निवडलं, पायजमा. ओमचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. पायजमा घालायला दोघं लागायचे, एक पाय धरायला, एक चढवायला. तिने वही केली. तीन महिन्यांनी मला दाखवली. 'रविवार, घोडा. संध्याकाळी एकटीने घातला.' 'सोमवार, एकटीने.' 'बुधवार, परत दोघं.' अशीच पानंच्या पानं. रोजचं स्ट्रेचिंग, स्प्लिंट, फिजिओ यातलं काही सुटलं नव्हतं, त्यामुळे श्रेय एकट्या घोडीला देता येत नाही. बसणंही सुधारलं होतं. जेवताना आता तो पूर्वीइतका घसरत नव्हता. वॉकर मात्र होता तिथेच होता.

बाबा अजूनही व्हिडिओ पाठवतात. मी बघते, 'छान' एवढंच लिहिते.

परवा रविवारी सकाळी आईचा फोन आला. मागे गाण्याचा आवाज, कुणीतरी ओरडत होतं. बहिणीच्या नाचाचा कार्यक्रम होता आणि ओमला तो बघायचा होता.

"आज घोड्यावर नाही नेलं," ती म्हणाली, "चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं.