मागच्या बाकावरचा खासदार आणि रेल्वेचा प्रश्न

प्रश्न : आमचे खासदार मंत्री नाहीत, पक्षातही त्यांना फारसे वजन नाही. रखडलेल्या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणासाठी ते लोकसभेत काय करू शकतात?

उत्तर : बरेच काही, मात्र त्यातले सर्वांत मोलाचे काम सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्नही विचारता येतो. पण असे प्रश्न दिवसाला 20 च घेतले जातात आणि कोणाचा लागेल हे सोडतीवर ठरते. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते, तरीही माझ्या मते चिकाटीच्या खासदाराचे खरे साधन तेच आहे. ‘काम केव्हा होणार?’ असे मोघम न विचारता मंजुरीचे वर्ष, आजवरचा खर्च आणि भूसंपादनाचा टप्पा विचारला, तर मंत्रालयाला नेमकी माहिती नोंदीवर द्यावी लागते आणि पुढच्या अधिवेशनात त्याच उत्तरावर बोट ठेवून पुढचा प्रश्न विचारता येतो.

प्रश्न : खासदार शून्य प्रहरात तळमळीने बोलले, पण मंत्री गप्पच राहिले. असे का?

उत्तर : शून्य प्रहरात, म्हणजे प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचे विषय मांडण्याच्या वेळेत, लगेच उत्तर देण्याचे बंधन मंत्र्यांवर नसते. लोकसभेच्या कामकाजाच्या नियम 377 खाली विषय मांडल्यास संबंधित मंत्रालयाकडून सदस्याला लेखी उत्तर येणे अपेक्षित असते, म्हणून खासदारांकडे त्या उत्तराची प्रत अवश्य मागावी. मंत्र्यांनी सभागृहात एखादी गोष्ट करण्याचे आश्वासन दिले असेल, तर ते साधारणपणे तीन महिन्यांत पूर्ण व्हावे अशी अपेक्षा असते आणि त्यावर शासकीय आश्वासन समितीची देखरेख असते.

प्रश्न : गावची एसटी बंद झाली. तो प्रश्न लोकसभेत का येत नाही?

उत्तर : एसटी राज्याच्या अखत्यारीत आहे; त्यासाठी आमदारांना गाठावे. राष्ट्रीय महामार्ग आणि रेल्वे यांचे प्रश्न मात्र खासदारांचेच.

प्रश्न : प्रश्नांच्या संख्येवरून खासदाराचे काम जोखावे का?

उत्तर : नाही. सुटे शंभर प्रश्न विचारण्यापेक्षा एकाच विषयाचा वर्षानुवर्षे केलेला पाठपुरावा मी अधिक मानतो. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी विरोधी बाकांवरून कोकण रेल्वेची मागणी लावून धरली. त्यांच्यानंतर 1971 मध्ये तेथूनच निवडून आलेले मधु दंडवते यांनी ती सोडली नाही आणि 1977 मध्ये ते स्वतः रेल्वेमंत्री झाले. तरीही कोकण रेल्वे महामंडळ स्थापन व्हायला 1990 आणि संपूर्ण मार्ग सुरू व्हायला 1998 उजाडले.