आजींचं माहेर आधी शोध

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. ज्यांच्या घरी तू राहतेस, त्या अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या आजी-आजोबांच्या घराण्याचा इतिहास तू लिहायला घेतलास, याचा फार आनंद झाला. पण पानंच्या पानं आजोबांच्याच घराण्याची झाली आहेत. उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइनहून आलेले पणजोबा, त्यांची मक्याची शेतं, त्यांचे मुलगे. आजी येतात त्या थेट लग्नाच्या फोटोत. यात दोष तुझ्यापेक्षा कागदांचा जास्त. जमीन पुरुषांच्या नावावर, आणि गावच्या जुन्या वर्तमानपत्रात बाई छापली जायची तीही 'मिसेस' लावून नवऱ्याच्या नावाने. आपल्याकडच्या वंशावळीत लेकी-सुना कुठे सापडतात? तेव्हा ही अडचण तुला नवी नाही.

सुरुवात आयोवा राज्याच्या १९२५ च्या जनगणनेपासून कर. तिच्यात माणसाच्या आईवडिलांची नावं आहेत, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. ते हाती आलं की १९०० च्या केंद्रीय जनगणनेकडे वळ. तिथे लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे दोन आकडे असतात: मुलं किती झाली आणि हयात किती. आठ आणि पाच असं दिसलं, तर तिथेच थांब. ती तीन मुलं कोण, हे आज त्या घरात कुणालाच ठाऊक नसेल. १८९० ची जनगणना मिळणार नाही. १९२१ साली वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत आणि नंतर तिचे जवळजवळ सगळे कागद गेले. म्हणजे १८८० च्या मोजणीनंतर जन्मलेलं आणि १९०० च्या आत गेलेलं मूल केंद्राच्या याद्यांत दिसतच नाही. अशा मुलांसाठी आयोवाच्या १८८५ आणि १८९५ च्या याद्या बघ, शिवाय चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या वह्या.

त्या वह्या जर्मनमध्ये असतील आणि मध्येच कुठेतरी इंग्रजी होतील. ते पान १९१८ च्या आसपासचं निघालं, तर नीट बघ. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्या मे महिन्यात आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं की शाळेत, चर्चमध्ये, आगगाडीत, फोनवरसुद्धा इंग्रजीच बोलायचं. जिला जर्मनशिवाय काही येत नव्हतं, त्या म्हातारीने रविवारी चर्चमध्ये काय ऐकलं असेल! 'आमच्या घरी जर्मन कधी बोललीच नाही' हे आजोबांचं वाक्य तू जसंच्या तसं घेतलंस. राहू दे, पण शेजारी हे सालही लिही.

न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, बाहेरून येणाऱ्यांची नोंद करणाऱ्या ठाण्यातल्या कारकुनाने आडनाव बदललं, ही गोष्ट मात्र काढून टाक. कारकून जहाजाच्या यादीवरून काम करत, आणि ते ठाणं १८९२ साली सुरू झालं. तुझ्या मसुद्यातले पणजोबा त्याआधीच आलेले.

काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कचेरीत जाशील, तेव्हा खरेदीखतांइतकीच विक्रीखतंही वाच. राहतं घर-शेत विकताना बायकोचीही सही लागायची, म्हणून तिथे तिचं स्वतःचं नाव मिळतं. सही येत नसेल तर नुसती फुली असते. तिचाही फोटो घे.

आणि आजींशी एकटीने बोल, शक्यतो स्वयंपाकघरात. कपाटात चर्चच्या बायकांनी नावं भरलेली एखादी गोधडी असेल, तर ती पसरायला सांग आणि एकेका नावावर बोट ठेवून विचार, ही कोण, हिचं माहेर कुठलं. आजोबा मध्येच उत्तर देतील. तेही लिहून घे, पण वेगळ्या पानावर.

तुझे
सर