जुन्या बीएमडब्ल्यूमध्ये बाहेरून बसवलेली साउंड सिस्टीम चालू दिसते, पण आवाजच येत नाही. कुठून तपासायला सुरुवात करू?

नवीन काही घेऊ नका, निदान आज तरी. तुम्ही लिहिलंय की २००९ ची ५२०डी सेकंडहँड घेतली, आधीच्या मालकाने अँड्रॉइड स्क्रीन आणि डिकीत ॲम्प (आवाजाला ताकद देणारा डबा) आणि वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) बसवून घेतलेत, स्क्रीनवर गाणं पुढे सरकताना दिसतं पण एकाही स्पीकरमधून हूं की चूं नाही, आणि दुकानदार म्हणतो सगळी सिस्टीम बदला. सगळी बदलायची वेळ क्वचितच येते. मी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या अशा गाड्या आपल्याकडे बऱ्याच येतात, आणि दोन-तीन मालक झालेले असले की प्रत्येकाच्या वायरमनची कलाकारी डॅशबोर्डमागे साठलेली असते. दोष बहुतेक त्या जोडकामातच सापडतो.

पहिली तपासणी फुकट आहे. गाडी भिंतीजवळ न्या, रिव्हर्स टाका आणि पार्किंग सेन्सरचा बीप येतो का ऐका. या मॉडेलमध्ये तो बीप किंवा सीटबेल्टची टिंगटाँग वेगळ्या बझरमधून येत नाही, कंपनीच्या ऑडिओमधूनच, त्याच स्पीकरमधून येते. बीप आला म्हणजे मूळ युनिट (कंपनीचा रेडिओ-सीडीचा डबा) आणि मूळ ॲम्प शाबूत आहेत, फक्त अँड्रॉइडचा आवाज तिथवर पोचत नाहीये.

मग स्क्रूड्रायव्हरला हात लावायचीही गरज नसते कदाचित. या गाडीत अँड्रॉइड बसवताना बदलतात तो फक्त डिस्प्ले. कंपनीचं युनिट डॅशबोर्डमध्ये तसंच राहतं आणि अँड्रॉइडचा आवाज ऑक्सच्या (बाहेरच्या उपकरणाचा आवाज आत घेणाऱ्या सॉकेटच्या) वाटेने त्याच्यात शिरतो. म्हणजे मूळ मेनूत ऑक्स निवडलेलं नसेल, तिथे रेडिओ किंवा सीडी असेल, तर अँड्रॉइडवर कितीही गाणी लावा, बाहेर काही यायचं नाही. मेनूचं बटण थोडा वेळ दाबून धरा, किंवा अँड्रॉइडवरच्या गाडीच्या आयकॉनवर जा, म्हणजे जुना आयड्राइव्ह (कंपनीचा मूळ मेनू) दिसेल. तिथे ऑक्स निवडा, नॉबने आवाज वाढवा, मग परत अँड्रॉइडवर या. अँड्रॉइडच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये ऑक्ससाठी ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल असे दोन पर्याय असतात. ऑटोमॅटिकवर गोंधळ होत असेल तर सरळ मॅन्युअल ठेवा. एवढं करूनही शांतताच असेल तर आर्मरेस्टखालचं ऑक्सचं सॉकेट बघा. तिथे अँड्रॉइडची पिन लावलेली असेल तर ती काढून तुमचा फोन साध्या ऑक्स केबलने जोडा. फोन वाजला तर सॉकेट बरोबर आहे, अँड्रॉइडची केबल किंवा तिची पिन गेली आहे. पुष्कळदा ती पिन कुणीतरी काढून पुन्हा लावायलाच विसरलेलं असतं.

बीपसुद्धा येत नसेल तर आधी डिकीतल्या बाहेरच्या ॲम्पमधून किती स्पीकर वायर निघतात ते मोजा. एकच जोडी असेल तर तो नुसता वूफर चालवतोय. चार-पाच जोड्या असतील तर दारांतले स्पीकरही त्याच्यावर आहेत, आणि मग खाली ॲम्पबद्दल लिहिलंय तिथून सुरुवात करा.

ॲम्प फक्त वूफरसाठी असेल, बीप गायब असेल आणि मेनूत काही गोष्टी पुसट दिसत असतील, तर संशय फायबरवर. या पिढीच्या बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीजमध्ये ऑडिओचे भाग तांब्याच्या तारेने नाही तर प्लास्टिकच्या ऑप्टिकल फायबरने गोलाकार जोडलेले असतात. त्याला मोस्ट म्हणतात. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ बंद, तसं. बीएमडब्ल्यूत हे फायबर हिरव्या रंगाचं असतं. अँड्रॉइड बसवताना मूळ युनिटमागचा मोठा कपलर (वायरांचा जोड) काढून मध्ये नवीन लूम (वायरांचा जुडगा) घालतात, आणि फायबरचा छोटा कनेक्टर जुन्या कपलरमधून काढून नव्यात सरकवावा लागतो. घाईत वायरमन तो जुन्यातच सोडतो किंवा अर्धवट बसवतो, आणि मग सिस्टीम मुकी. म्हणून युनिट बाहेर काढून पहिल्यांदा हेच बघा. गाडीचं इग्निशन चालू ठेवून कनेक्टर ओढला तर एका टोकातून लालभडक प्रकाश दिसायला हवा. दिसत नसेल तर आधीच्या भागाकडून प्रकाश येत नाही, तिकडे शोधा. फायबर ५ सेंटिमीटरपेक्षा लहान गोलात वाकवू नका, टायने आवळू नका, आणि तुटलं तर चिकटपट्टीने जोडू नका.

या वळशातला दुसरा संशयित म्हणजे डिकीत डाव्या बाजूला, पॅनेलमागे बसवलेला कंपनीचा ॲम्प (मोठी ऑडिओ सिस्टीम असेल तर). पावसाळ्यात डिकीत पाणी शिरलेल्या गाडीत त्याचे कनेक्टर हिरवे पडलेले दिसतात. फायबरचा एक छोटा लूप कनेक्टर मिळतो. तो लावून एकेक भाग वळशातून बाहेर काढायचा. ज्याला काढल्यावर मेनू जागा होतो, तोच बिघडलेला.

आता बाहेरचा ॲम्प. साधा मल्टिमीटर घ्या. ॲम्पच्या पॉझिटिव्ह आणि अर्थ टर्मिनलवर इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत. शून्य असेल तर बॅटरीजवळचा फ्यूज बघा, पण नुसता डोळ्यांनी नको. स्वस्त किटमधला काचेचा फ्यूज दिसायला अखंड असतो आणि टोपीच्या आत सुटलेला असतो. दोन्ही बाजूंना व्होल्ट मोजा. मग रिमोटची, म्हणजे ॲम्पला चालू व्हायचा इशारा देणारी, बारीक निळी वायर: स्क्रीन चालू असताना तिच्यावर १२ व्होल्ट नसतील तर ॲम्प जागाच होत नाही. खात्रीसाठी पॉझिटिव्हपासून रिमोटला क्षणभर तार टेकवा, दिवा लागला तर ॲम्प जिवंत आहे. ही तार कायमची जोडून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. लॉक केलेल्या गाडीत ॲम्प रात्रभर चालू राहतो आणि बॅटरी बसते.

ॲम्पवरचा लाल प्रोटेक्ट दिवा (दोष जाणवून ॲम्पने स्वतःला बंद केल्याची खूण) लागत असेल तर सगळ्या स्पीकर वायर आणि आरसीए (ॲम्पला गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या केबल) काढा. तरीही लाल राहिला तर ॲम्प दुरुस्तीला द्या. दिवा विझला, तर एकेक वायर परत लावत जा. ४ ओमचा स्पीकर मीटरवर ३ ते ४ च्या मधे दाखवतो. शून्याजवळ आला तर त्याच्या दोन वायर कुठेतरी एकमेकींना लागतायत, बहुधा दाराच्या रबरी नळीत.

अर्थ घेताना बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर वायर कसू देऊ नका. तिथे बॅटरी सेन्सर असतो, त्याला वळसा घालून करंट गेला की गाडीचा चार्जिंगचा हिशेब चुकतो. डिकीत रंग खरवडून बॉडीवर घ्या. पॉझिटिव्ह टर्मिनलवर अपघातात केबल तोडणारा स्फोटक तुकडा असतो, आणि सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे आहेत. या दोन्हींना घरी हात लावू नका, वायरमनलाही लावू देऊ नका.