कायमची पोटगी बंद झाली, पण हक्क गेलेला नाही

ताई, लग्नाला १४ वर्षं झाली, फ्लोरिडात राहता, मुलांसाठी पुण्याची नोकरी सोडलीत, सध्या अर्धवेळ काम करता, आणि नवरा म्हणतो, 'कायदा बदललाय, आता तुला दमडी मिळणार नाही.' तुमचं वाचून जीव तुटला. घाबरू नका, त्यांचं म्हणणं अर्धवट आहे.

१ जुलै २०२३ पासून फ्लोरिडात कायमची पोटगी बंद झाली, एवढं खरं. ठरावीक मुदतीची मात्र मिळते. लग्न ३ वर्षांच्या आतलं असेल तर तीही नाही. १० वर्षांच्या आत असेल तर लग्न जितकं टिकलं त्याच्या ५० टक्के काळ, १० ते २० वर्षांत ६० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. तुमच्या बाबतीत साधारण ८ वर्षं ५ महिने, तेही जास्तीत जास्त. मोजणी लग्नाच्या तारखेपासून घटस्फोटाचा अर्ज दाखल होईपर्यंत. अमेरिकेत कधी आलात ते बघत नाहीत, म्हणून विवाह नोंदणीचा दाखला आधी हाताशी ठेवा. तुमच्या न्यू जर्सीतल्या मैत्रिणीने दिलेला सल्ला इथे लावू नका, तिथले नियम निराळे.

रकमेवर खरी मेहनत घ्या. दोघांच्या निव्वळ उत्पन्नातल्या फरकाच्या ३५ टक्के किंवा तुमची वाजवी गरज, यातलं जे कमी ते धरतात. समजा त्यांच्या हातात महिना ९,००० डॉलर येतात, तुमच्या ३,०००. फरकाचे ३५ टक्के म्हणजे २,१००. पण गरज १,८०० चीच सिद्ध झाली तर १,८००! माझी एक मैत्रीण माझ्याच जेवणाच्या टेबलावर बँकेची स्टेटमेंटं पसरून बसली होती. तिच्या खर्चाच्या पहिल्या यादीत आरोग्य विम्याचा हप्ताच नव्हता, कारण तो इतकी वर्षं नवऱ्याच्या पगारातून परस्पर कापला जायचा. घटस्फोटानंतर तो तिच्याच अंगावर येणार होता.

शिकून पुन्हा नोकरीला लागायचं असेल तर त्यासाठीची पोटगी वेगळी आहे, ५ वर्षांपर्यंत. पण कोर्टाला लेखी आराखडा लागतो: कोणता कोर्स, फी किती, किती महिने. घर आणि बचतीची वाटणी हा स्वतंत्र विषय, तो पोटगीत मिसळू देऊ नका. २०१८ नंतरच्या घटस्फोटात मिळालेल्या पोटगीवर तुम्हाला केंद्रीय आयकर नाही.

आणि तुम्ही एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधारे मिळणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर घटस्फोट मंजूर होताच तो आधार जातो, पोटगी चालू असली तरी. तेव्हा कशावरही सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलालाही भेटा, आणि तो वकील नवऱ्याच्या कंपनीचा नसावा.