गाडी कुठं बदलायची?

(या सदरात वाचकांच्या प्रवासाच्या शंकांना उत्तरं देतो. मी पुणे स्टेशनच्या आरएमएसमध्ये, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे मेल सेवेत, बत्तीस वर्षं सॉर्टर होतो. या वेळी विमानतळावर कसं पोचायचं हे विचारणारी पत्रं बरीच आली, म्हणून सगळा अंक त्यांनाच दिला.)

मी त्रेसष्ट वर्षांची आहे, कोथरूडला वनाजजवळ राहते. पुढच्या महिन्यात लेकीकडे बंगळुरूला एकटी निघाले आहे. विमान सकाळी ११.४० ला. कॅबवाला कधी चारशे सांगतो, कधी सातशे. शेजारीण म्हणते मेट्रोनं जा, मुलगा म्हणतो वेडी आहेस का. गुडघे थोडे दुखतात. काय करू?

ताई, शेजारणीचं ऐका. मुलाला मात्र सांगा की सामान उचलून वनाज स्थानकाच्या लिफ्टपर्यंत यायचं, मग पुढचं वेडेपण माझं मी निभावते.

तुमच्या वनाजची मेट्रो सरळ रामवाडीला जाते, वाटेत कुठंही गाडी बदलायची नाही. जिल्हा न्यायालय स्थानकात निम्मी गाडी उतरेल, धावपळ दिसेल; तुम्ही जागेवरून हलायचं नाही. ते लोक स्वारगेट नाहीतर पिंपरीकडे चाललेले असतात. ६ मार्च २०२४ ला रूबी हॉलपासून रामवाडीपर्यंतचा तुकडा सुरू झाला, तेव्हापासून मी या मार्गानं पाहुण्यांना सोडायला जातो. नळ स्टॉप, डेक्कन, मग नदी, पुणे स्टेशन, पुन्हा नदी, कल्याणीनगर. खिडकीतून एवढं पुणं बघायला दुसरीकडे पैसे पडले असते. पाऊण तास धरा.

आता खरी गोष्ट. आमच्या आरएमएसमध्ये टपालाची थैली धावत्या गाडीत कधी चुकायची नाही. चुकायची ती दौंडच्या फलाटावर, एका गाडीतून दुसरीत टाकताना. लोक विचारतात, ‘किती वेळ लागतो?’ मी विचारतो, ‘गाडी कितीदा बदलायची?’ तुम्हाला एकदाच बदलायची आहे, रामवाडीला. तिथून विमानतळ चार-पाच किलोमीटर आहे आणि सगळी कटकट त्या चार-पाच किलोमीटरमध्ये आहे. पीएमपीची फीडर बस आहे. उभी असेल तर बसा. नसेल तर दहा मिनिटं वाट बघा, त्याहून जास्त नाही. मग रिक्षा. पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढं किलोमीटरला १७ रुपये हा दर धरला तर पाच किलोमीटरचे पंच्याऐंशीच्या आसपास होतात. रिक्षावाला दीडशे म्हणेल. मी अशा वेळी पावसाकडे बघतो, पाऊस असेल तर वाद घालत नाही.

रिक्षात बसताना ‘नवं टर्मिनल’ असं म्हणा. १४ जुलै २०२४ पासून ते चालू आहे, पण जुन्या सवयीचे चालक अजून जुन्या दाराशी नेऊन सोडतात, आणि तिथून बॅग ओढत जाणं तुमच्या गुडघ्यांना परवडणार नाही.

वेळ उलटी मोजा. देशांतर्गत विमानाचं चेक-इन काउंटर बहुतेक कंपन्या एक तास आधी बंद करतात, म्हणजे तुमचं १०.४० ला. त्याआधी एक तास दारात, म्हणजे ९.४०. रामवाडीहून विमानतळापर्यंत सकाळी चाळीस मिनिटं ठेवा. विमाननगर चौकात नगर रस्ता कधी कसा वागेल याची हमी मी देत नाही. म्हणजे नऊला रामवाडीला उतरलेलं बरं, त्यासाठी ८.१० ला वनाजला गाडीत, आणि पावणेआठला घराबाहेर. साडेआठनंतर मेट्रोत ऑफिसची गर्दी होते, तेव्हा लवकर निघाल्याचा बसायला जागा मिळण्यासाठीही उपयोग होईल.

डाग, म्हणजे सामानाचे नग, किती? जुन्या लोकांना हा शब्द कळेल. मोठी एक बॅग, खांद्याला एक पिशवी, बास. तिसरी पिशवी आली की मेट्रोच्या तपासणीच्या पट्ट्यावर एक तरी मागं राहते. लेकीसाठी लोणचं नेणार असाल (नेणारच) तर ते मोठ्या बॅगेत, बरणीला दोनदा प्लॅस्टिक गुंडाळून. हातातल्या पिशवीत ठेवलंत तर सुरक्षा तपासणीत काढून ठेवायला लावतील आणि तिथल्या माणसांना तुमच्या हातची चव कळायची नाही.

आम्ही साताऱ्याचे. माझे वडील ७६ वर्षांचे. त्यांना घेऊन पुण्याहून दिल्लीला जायचं आहे, विमान दुपारी ४ ला. एसटीनं स्वारगेटला उतरून पुढं मेट्रो जमेल का, की स्वारगेटहून सरळ टॅक्सी करावी?

एसटी नक्की. ७५ च्या पुढच्यांना एसटीत तिकीट नाही. आधार कार्ड सोबत ठेवा. तुम्ही बाई असाल तर तुमचंही अर्धं तिकीट. पत्रावर नुसतं ‘आम्ही’ आहे, त्यावरून मला कळलं नाही.

स्वारगेटला मेट्रो जमिनीखाली आहे, सप्टेंबर २०२४ ला हा तुकडा चालू झाला. पण तुमचा प्रश्न जिल्हा न्यायालय स्थानकाचा आहे. स्वारगेटची गाडी तिथं जमिनीखाली तेहेतीसेक मीटर खोल थांबते आणि रामवाडीची गाडी वर, रस्त्याच्याही डोक्यावरून जाते. म्हणजे विहिरीच्या तळातून माळ्यावर चढायचं. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, सगळं आहे. पण लिफ्टसमोर रांग असते आणि एका लिफ्टमधून दुसऱ्या लिफ्टकडे चालावं लागतं. तरुण माणूस सात मिनिटांत वर येतो. वडिलांना घेऊन वीस मिनिटं धरा आणि त्यांना घाई करू नका.

म्हणजे साताऱ्याहून तुम्हाला तीनदा बदलावं लागेल: स्वारगेट, जिल्हा न्यायालय, रामवाडी. तुम्ही एकटे असता तर मी मेट्रो म्हणालो असतो. ७६ वर्षांच्या माणसाबरोबर स्वारगेटहून टॅक्सी करा. एसटीत वाचलेले पैसे तिथं घाला. हे सदर सार्वजनिक वाहतुकीचं आहे म्हणून मी हट्टानं मेट्रोच सांगेन असं नाही.

आकुर्डीत राहतो, इंजिनीअरिंगला आहे. विमान पहाटे ५.१० ला. मेट्रो सहाला सुरू होते. बसनं जाता येईल का? कॅबचे पैसे वाचवायचे आहेत.

नाही. पहाटे ३ ला आकुर्डीहून विमानतळाला नेणाऱ्या बसवर मी माझा टपालाचा गठ्ठासुद्धा सोडणार नाही. दोनच वाटा: त्याच विमानाला वर्गातला आणखी कोणी असेल तर कॅब वाटून घ्या, नाहीतर आदल्या संध्याकाळी पिंपरीहून मेट्रोनं जिल्हा न्यायालय, तिथून रामवाडी, आणि विमाननगर नाहीतर खराडीत एखाद्या मित्राच्या खोलीवर झोपा. पुण्यात इंजिनीअरिंगला असून खराडीत एकही मित्र नसेल तर चौथ्या वर्षापर्यंत होईल.

इतका खर्च करून मेट्रो विमानतळाच्या चार किलोमीटर अलीकडेच का थांबवली? आता वाघोलीपर्यंत वाढवणार म्हणतात, मग विमानतळ का नाही? आम्हा करदात्यांनी हे सहन का करायचं? (कल्याणीनगर)

राग समजतो. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं या मार्गाच्या दोन्ही टोकांना वाढ मंजूर केली: वनाजपासून चांदणी चौक आणि रामवाडीपासून वाघोली, मिळून १२.७५ किलोमीटर, १३ स्थानकं. वाघोलीची माणसं रोज नगर रस्त्यावर अडकतात, त्यांना ती हवीच होती. विमानतळ मात्र डावीकडे, लोहगावात राहतो. तो मुळात हवाई दलाचा तळ आहे, १९३९ पासूनचा. आपण प्रवासी तिथं कोपऱ्यात जागा मिळालेले भाडेकरू आहोत. त्याच्या आसपास काहीही बांधायचं तर परवानग्यांचा घोळ आलाच.

तुम्ही कल्याणीनगरात राहता, तुम्हाला तर मेट्रोची गरजही नाही. रिक्षानं नागपूर चाळीकडून ५०९ चौकात या, झालं. राग कोथरूडच्या ताईंनी करायचा, त्या करत नाहीत.

मुलगा दुबईला नोकरीला चालला आहे. मुंबईहून १८ तारखेला रात्री १.४० चं विमान, सहार. दोन मोठ्या बॅगा. पुण्याहून रेल्वेनं सोडायला जायचं म्हणतोय. दादरला उतरावं की सीएसएमटीला? (सिंहगड रोड)

आधी तारीख वाचा. पुन्हा वाचा. १८ तारखेला रात्री १.४०, म्हणजे सतराची रात्र सरून अठरा लागल्यावर एक तास चाळीस मिनिटांनी. तुम्ही घरातून सतरालाच निघायचं. तुम्हाला ठाऊक असेल, तरी सांगतो, कारण माझ्याच घरात हे घडलंय. ते शेवटी सांगतो.

आता मार्ग. दुपारी सव्वातीनची डेक्कन एक्सप्रेस. दादरला उतरू नका. दादरला मध्य रेल्वेच्या फलाटावरून पूल चढून, पश्चिमेकडे येऊन, रस्त्यानं दादरच्या मेट्रो स्थानकापर्यंत जायचं, तेही संध्याकाळी सातच्या सुमाराला. दोन मोठ्या बॅगा घेऊन त्या पुलावर मी माझ्या शत्रूलाही पाठवणार नाही. शेवटपर्यंत बसा. सीएसएमटीलाच जमिनीखालच्या मेट्रो तीनचं स्थानक आहे. कफ परेड ते आरे, साडेतेहेतीस किलोमीटर, २७ स्थानकं, आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती अख्खी चालू आहे. दक्षिणेच्या टोकाकडूनच चढल्यामुळं बॅगा कोपऱ्यात लावायला जागा मिळण्याची शक्यता तरी जास्त. पाऊण तासात सहार, टर्मिनल दोन. गाडी तासभर उशिरा पोचली तरी साडेनऊच्या आधी विमानतळात शिराल.

मेट्रोत पाटी नीट वाचा: आधी टर्मिनल एक येतं, ते सांताक्रूझचं, देशांतर्गत. तिथं उतरलात तर पुन्हा फलाटावर उभं राहायचं. दोन्हीमध्ये सहार रोड नावाचंही एक स्थानक आहे. ‘सहार’ हा शब्द ऐकू आला म्हणून मुलाला उठवू नका.

पावसाळा असेल तर हा सगळा बेत बदला. कर्जत-लोणावळा घाटात दरड पडली की डेक्कन काय आणि प्रगती काय, सगळ्या उभ्या. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारच्या आधीची कुठलीही गाडी घ्या, किंवा स्वारगेटहून एसटीची शिवनेरी बस. शिवनेरीनं गेलात तर चेंबूरला मैत्री पार्कला उतरा, तिथून सहारला रिक्षा मिळते. दादरला रिक्षा नसते, टॅक्सीच.

आणि तिकिटावर नुसतं ‘मुंबई’ वाचून समाधान मानू नका. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. तो पनवेलजवळ, सहार अंधेरीजवळ. तीन अक्षरांचा कोड बघा: बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. एनएमआय असेल तर मी वर लिहिलेलं सगळं विसरा आणि पनवेलला उतरा. प्रगती एक्सप्रेस पनवेलवरूनच जाते.

आता ती गोष्ट. बहीण आणि मेव्हणे मस्कतला लेकाकडे निघाले होते. विमान रात्री १२.५० चं. तिकीट मी वाचलं, कारण घरात वेळापत्रक वाचणारा मीच. १७ तारीख लिहिली होती, आम्ही १७ ला जेवून, दह्याची वाटी चाटून, सगळ्यांच्या पाया पडून निघालो. रात्री साडेदहाला सहारच्या दारात शिपायानं तिकीट हातात घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘काका, हे विमान काल रात्री गेलं.’ बत्तीस वर्षांत मी कुणाच्या पत्राची तारीख चुकवली नव्हती. नवीन तिकिटं मीच काढली. परतताना एक्सप्रेसवेवर पहाटे चहाला थांबलो तेव्हा मेव्हणे एवढंच म्हणाले की दही फुकट गेलं.

बहीण आता सत्तरीची आहे. नाशिकला निघाली तरी आदल्या दिवशी मला फोन करते. मी तिला कुठली गाडी ते विचारतो. ती म्हणते, ‘गाडीचं मी बघते, तू फक्त तारीख सांग, आणि सांगू नकोस, लिहून पाठव.’