वाचकांचे प्रश्न : हेडफोनमध्ये माझाच आवाज मागे का पडतो?

प्रश्न : मी ठाण्यात नौपाड्याला राहते आणि अभंग, भावगीते गाते. गेल्या दिवाळीत मुलाने घरातल्या एका खोलीत लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि माइक बसवून रेकॉर्डिंगची सोय करून दिली. नुसत्या तानपुऱ्यावर गात होते तोवर काही अडचण नव्हती. पुढे पखवाज, टाळ, हार्मोनियम, कोरस असे ट्रॅक वाढत गेले आणि मधूनमधून कडकड आवाज येऊ लागला, म्हणून मुलाने बफर 1024 वर नेला. कडकड थांबली, पण आता हेडफोनमध्ये माझाच आवाज मला मागून ऐकू येतो, मी नकळत रेंगाळते आणि द्रुत लयीत समेवर येणे कठीण होते. ओळखीचे एक वादक म्हणाले, की लयीचा रियाज कमी पडतो. दोष खरोखर माझा आहे का?

उत्तर : नाही. दोष तुमच्या लयीचा नाही, हे सर्वांत आधी सांगतो. कारण या एका गैरसमजापायी चांगले गाणारे लोक स्वतःवर शंका घेऊ लागतात, हे मी पाहिले आहे. नेरूळला माझ्या खोलीत एक गायिका अभंग रेकॉर्ड करत होती आणि प्रत्येक वेळी तिचे शब्द ठेक्याच्या मागे पडत होते. तीच ओळ अनेकदा गायला लावल्यावर माझे लक्ष तिच्या मांडीवरच्या बोटाकडे गेले. बोट प्रत्येक मात्रेवर अचूक पडत होते आणि मागे राहत होता तो फक्त आवाज. तिला उगाच दमवल्याचे मला आजही वाईट वाटते.

घडते ते असे. संगणक आवाज सलग हाताळत नाही, तर ठरावीक नमुन्यांचा, म्हणजे आवाजाच्या क्षणोक्षणीच्या मोजमापांचा, गठ्ठा जमला की तो पुढे ढकलतो आणि या गठ्ठ्याच्या आकारालाच बफर म्हणतात. सेकंदाला 44,100 नमुने या वेगाने 1024 नमुने जमायला सुमारे 23 मिलिसेकंद लागतात. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना पुन्हा एकदा, म्हणजे 46 मिलिसेकंद, आणि त्यात इंटरफेस व ड्रायव्हर (इंटरफेस चालवणारे संगणकातले सॉफ्टवेअर) यांचा थोडा वेळ मिळवायचा. एवढ्या वेळात हवेतून आवाज सुमारे 16 मीटर जातो. लोकलच्या डब्याच्या एका टोकाला उभे राहून गावे आणि आपलाच आवाज जवळजवळ दुसऱ्या टोकाहून ऐकावा, तशी ही स्थिती आहे. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा 500 मिलिसेकंदांची असते आणि चौगुणीत एका अक्षराच्या वाट्याला 125 येतात. त्यांतले 46 निसटले तर समेवर नेमके येणार कसे? शिवाय तुमचा आवाज कवटीच्या हाडांतून तुमच्या कानाला तत्क्षणी पोहोचलेलाच असतो, त्यामुळे एकच स्वर दोनदा ऐकू येतो आणि मन दुसऱ्याची वाट पाहत रेंगाळते.

बफर 128 वर आणला तर हाच हिशेब दोन्ही वेळचा मिळून सुमारे 6 मिलिसेकंदांवर येतो आणि लय सावरते. पण इतक्या थोड्या अंतराने आलेला आवाज हाडांतून आलेल्या आवाजात मिसळून स्वर पोकळ आणि पातळ वाटतो, सूर लावताना तेही खटकते. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की गाताना स्वतःचा आवाज संगणकातून फिरवून ऐकूच नये. बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचे बटण किंवा एका टोकाला माइक व दुसऱ्या टोकाला संगणक अशी फिरवायची कळ असते. ती सुरू केली की माइकचा आवाज लॅपटॉपपर्यंत न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनमध्ये येतो आणि उशीर जाणवत नाही. मात्र त्याच वेळी रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या ट्रॅकचे मॉनिटरिंग (गाताना आवाज संगणकातून ऐकवणे) बंद करायला मुलाला सांगा. ते राहून गेले तर दोन्ही आवाज एकत्र येतील आणि बटणाचा उपयोगच नाही असे वाटेल. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही चूक सर्वाधिक आढळते. खातरजमा सोपी आहे : माइकसमोर एक चुटकी वाजवा, हेडफोनमध्ये ती एकदाच ऐकू आली पाहिजे.

या पद्धतीत आवाज कोरडा लागतो आणि भावगीत गाणाऱ्याला तो नकोसा होतो, हे मी जाणतो. त्यावर उपाय असा, की त्याच ट्रॅकचे मॉनिटरिंग पुन्हा सुरू करून मूळ आवाजाचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) पूर्ण खाली ठेवावा, प्री-फेडर सेंडने, म्हणजे फेडरच्या आधीच आवाज वळवणाऱ्या वाटेने, तो रिव्हर्बकडे (गुंज देणाऱ्या साधनाकडे) पाठवावा आणि रिव्हर्बमधून फक्त गुंजन बाहेर येईल असे करावे. मूळ स्वर इंटरफेसमधून वेळेवर येतो आणि मागाहून येते ती फक्त गुंज. देवळातही गुंज मूळ स्वरानंतरच परतते, त्यामुळे तो उशीर कानाला खटकत नाही.

कडकडीसाठी सगळे साथीचे ट्रॅक एकत्र करून त्यांची एकच स्टिरिओ फाइल काढावी आणि तेवढीच घेऊन नव्या प्रकल्पात गावे. सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) मात्र तोच ठेवावा. लॅपटॉपवरचा भार उतरतो आणि बफर 128 किंवा 256 वर निभावतो. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीनेच दिलेला एएसआयओ (उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर निवडलेला आहे ना, तेही पाहावे. मास्टर ट्रॅकवर, म्हणजे सगळे ट्रॅक मिळतात तिथे, लिमिटर (आवाजाची कमाल पातळी रोखणारे साधन) किंवा लिनिअर फेज इक्वलायझर (स्वरपट्ट्यांची पातळी जुळवणारे साधन) असेल तर गाताना तो बंद ठेवावा, कारण ही साधने पुढचा आवाज आधी पाहण्यासाठी मुद्दाम थांबतात आणि तो उशीर बफर कमी करून जात नाही.

एवढे करूनही रेकॉर्ड झालेला आवाज ठेक्याच्या मागे दिसला, तर हेडफोन माइकला चिकटवून क्लिक (सॉफ्टवेअरचा मात्रा मोजणारा टकटक आवाज) रेकॉर्ड करावा. सॉफ्टवेअरच्या काळपट्टीवरच्या मात्रेच्या रेषेपेक्षा तो सतत सारख्याच नमुन्यांनी मागे पडत असेल, तर तेवढा आकडा सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये (रेकॉर्ड झालेला आवाज तेवढा पुढे-मागे सरकवणाऱ्या सेटिंगमध्ये) भरावा. हे काम एकदाच करावे लागते. बफर बदलला तर मात्र पुन्हा तपासावे.

प्रश्न : मी वाशीचा विद्यार्थी आहे. यूएसबी माइक आणि ब्लूटूथ हेडफोन वापरतो. बफर 64 केला तरी आवाज उशिराच येतो. काय करावे?

उत्तर : बफरला हात लावू नका. ब्लूटूथमध्ये आवाज दाबून पाठवला जातो आणि पलीकडे पुन्हा उलगडला जातो. त्यात नेहमीच्या हेडफोनमध्ये 100 ते 200 मिलिसेकंद सहज जातात आणि कोणत्याही सेटिंगने ते परत मिळत नाहीत. वायरचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. उघडे घेतलेत तर क्लिक माइकमध्ये शिरेल. तुमच्या माइकच्या बुडाशी किंवा मागे हेडफोनची जागा आहे का, ते आधी पाहा. अनेक यूएसबी माइकना ती असते आणि तिथे वायर जोडली की तुमचा आवाज थेट माइकमधूनच कानात येतो.