आर्ग्युमेंट नेमके कुठे बिघडते?

कमांड लाइनवर प्रोग्रामला दिलेले शब्द, म्हणजेच आर्ग्युमेंट, चुकीचे पोहोचत असतील, तर ते वाचून देणाऱ्या पायथनच्या आर्गपार्स (argparse) या मॉड्यूलला दोष देण्यापूर्वी तुम्ही सिस-आर्गव्ही (sys.argv) ही त्या शब्दांची मूळ यादी जशीच्या तशी छापून पाहावी, कारण, निदान युनिक्सवर, अवतरणचिन्हांत न ठेवलेले फाइलचे नाव मोकळ्या जागेपाशी तोडण्याचे आणि तारांकनाच्या (*) जागी जुळणारी फाइलनावे घालण्याचे काम शेल (कमांड स्वीकारून चालवणारा प्रोग्राम) तुमचा प्रोग्राम सुरू होण्याआधीच उरकून टाकते. यादीतील ० क्रमांकाचा घटक स्क्रिप्टचे नाव असतो.

यादी बरोबर असूनही मूल्य चुकत असेल, तर आर्गपार्समध्ये त्या आर्ग्युमेंटचा ‘टाइप’ म्हणून ‘बूल’ (खरे-खोटे मूल्य) दिले आहे का, ते तपासावे. रिकामी नसलेली प्रत्येक स्ट्रिंग (मजकूर) पायथन सत्य मानत असल्यामुळे वापरकर्त्याने ‘फॉल्स’ लिहिले तरी हाती ‘ट्रू’च येते. (या सापळ्यात मीही अडकलो आहे.) अशा ठिकाणी ‘स्टोअर-ट्रू’ ही ॲक्शन (पर्याय नुसता लिहिला की ‘ट्रू’, नाहीतर ‘फॉल्स’) वापरणे मला अधिक निर्धोक वाटते.